पोटातले बाळ हलेनासे होते तेव्हा

पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन सुरू झाले की उपाश्रयात सर्वांत अधिक गर्दी होते ती भगवान महावीरांच्या जन्मवाचनाच्या दिवशी. त्रिशलामातेच्या चौदा स्वप्नांचे चढावे बोलले जातात, पाळणा झुलतो, लहान मुलांच्या हाती प्रभावना येते. दिगंबर परंपरेत ही स्वप्ने सोळा मानतात. मातेविषयीचा आदर मात्र दोन्हीकडे सारखाच. या आनंदाच्या धांदलीत त्याच सूत्रातील एक लहानसा प्रसंग बहुतेकांच्या कानांवरून निघून जातो. आपल्या हालचालीने मातेला क्लेश होऊ नयेत म्हणून गर्भातील वर्धमान निश्चल झाले. पोटातली हालचाल थांबल्याचे त्रिशलामातेला जाणवले आणि ती शोकाकुल झाली. राजा सिद्धार्थाच्या वाड्यातील वाद्ये थांबली, नृत्य थांबले, सारा परिवार चिंतेत बुडाला. मातेची ती अवस्था जाणून प्रभूंनी किंचित हालचाल केली, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. मातापिता हयात असेपर्यंत दीक्षा घ्यायची नाही, हा संकल्प प्रभूंनी केला तो याच वेळी.

या प्रसंगाचा धार्मिक अर्थ महाराजसाहेब सांगतातच. त्यातील एक साधी लौकिक गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे. त्रिशलामाता म्हणाली की काहीतरी बिघडले आहे, आणि साऱ्या राजवाड्याने ते खरे मानले. ‘मनाचे खेळ’ असे कोणी म्हटले नाही, सकाळपर्यंत थांबून पाहू असेही कोणी म्हटले नाही. पुढे सूत्रात तिच्या आहारविहाराचे वर्णन येते. अति थंड नाही, अति उष्ण नाही, अति तिखट नाही, अति कडू नाही असे अन्न, पुरेशी विश्रांती, चिंतेपासून दूर ठेवलेले मन आणि प्रत्येक डोहाळ्याची मानाने केलेली पूर्तता. आजचे वैद्यक गरोदर स्त्रीला जे सांगते त्यातले बरेचसे या काही ओळींत आले आहे. बाळाची हालचाल मंदावली किंवा थांबली तर त्याच दिवशी तपासणी झाली पाहिजे, असे प्रसूतितज्ज्ञ आज बजावून सांगतात.

आता कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसून पाऊणएक तासाने आसनगावला उतरावे. स्थानकाबाहेर रिक्षांची रांग, पुढे मुंबई-नाशिक महामार्ग, पलीकडे शहापूर, आणि पाठीशी माहुलीचे सुळके. शहापूरचे मानस मंदिर हे तीर्थ इथल्याच टेकडीवर असल्यामुळे मुंबई-ठाण्यातील जैन कुटुंबांना हा परिसर परका नाही. आसनगाव, शहापूर, खर्डी, किन्हवली, सरळगाव, मुरबाड येथे किराणा, कापड, भांडी, बांधकाम साहित्य यांची आपल्या समाजाची दुकाने पिढ्यान् पिढ्या चालत आली आहेत. ही दुकाने ज्यांच्यावर चालली ते गिऱ्हाईक कोण? कुणबी, आगरी, आणि मोठ्या संख्येने ठाकूर, महादेव कोळी, वारली व कातकरी. पाड्यावरून चालत येणाऱ्या बाईच्या पिशवीत काय जाते ते दुकानदार रोज पाहतो. चहापूड, साखर, तेलाची लहान पिशवी, मीठ, मिरची. डाळ कधीतरी, गूळ त्याहून क्वचित. गरोदर बाईच्या पोटात काय जाते हे डॉक्टरांच्या आधी दुकानदाराच्या तागडीला कळते.

या भागातील मातांविषयी बोलायचे तर आकड्यांची एक अडचण आधी दूर करावी लागते. एक लाख जिवंत जन्मांमागे किती माता दगावतात, या हिशेबाला मातामृत्यूचे प्रमाण म्हणतात. २०१८ ते २०२० या काळासाठी ते देशात ९७ होते आणि महाराष्ट्रात ३३. महाराष्ट्राचा क्रमांक तेव्हा केरळच्या खालोखाल होता आणि त्याचे श्रेय अनेकांच्या कष्टांना आहे. पण सरासरी म्हणजे काय हे व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. साऱ्या दुकानाचा नफा वर्षअखेरीस चांगला दिसतो, म्हणून मागच्या कपाटातला माल कुजत नाही असे होत नाही. मुंबई, पुणे आणि ठाणे शहरातील रुग्णालयांची प्रसूतिगृहे त्या सरासरीत आहेत, तशाच डोळखांबच्या डोंगरातल्या झोपड्याही आहेत. त्या झोपड्यांचा वेगळा आकडा कोणी रोज वाचून दाखवत नाही.

रक्तक्षयाचे पाहावे. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात पुरेसे हिमोग्लोबिन आढळले नाही. हे साऱ्या राज्याचे, सुखवस्तू घरांसकट. ज्या बाईचे वर्ष भात, नागली आणि चटणी यांवर जाते, जिला सतराव्या-अठराव्या वर्षी पहिले मूल होते आणि विसाव्या वर्षी दुसरे, तिच्या शरीरात रक्ताची शिल्लक कुठून राहणार? लोहाच्या गोळ्या उपकेंद्रातून मिळतात. त्या रिकाम्या पोटी घेतल्या की मळमळते, म्हणून त्या कुडाच्या भिंतीत खोचून ठेवल्या जातात. चहाबरोबर घेतल्या तर त्यांतले लोह अंगी लागत नाही. लिंबाच्या फोडीबरोबर, जेवणानंतर घेतल्या तर लागते. एवढी गोष्ट तिला तिच्या भाषेत, घाई न करता कोणी सांगावी लागते.

कातकऱ्यांची स्थिती यांतही वेगळी. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून हे नाव पडले. इंग्रजी अमदानीत त्यांच्यावर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला. जंगल गेले, कात गेला, जमीन नव्हतीच. आज महाराष्ट्रातील कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर त्यांची गणना विशेष असुरक्षित आदिवासी गटांत होते. दिवाळी झाली की शहापूर-मुरबाडच्या वाड्यांवर मुकादम येतो, उचल देतो, आणि कुटुंबेच्या कुटुंबे ट्रकमध्ये बसून कल्याण, भिवंडी, पनवेलकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जातात. परतणे पावसाच्या तोंडावर. गरोदर बाईची नोंद गावच्या आशाताईंच्या वहीत असते, पण बाई भट्टीवर असते. भट्टी ज्या गावच्या हद्दीत, तिथल्या आशाताईंच्या वहीत तिचे नाव नसते. तपासणीचे कार्ड कुठे राहिले हे तिलाही आठवत नाही. शासनाच्या कागदावर ती दोन्हीकडे अनुपस्थित असते, आणि ऐन आठव्या महिन्यात चिखल तुडवत असते.

पाण्याची गोष्ट याहून विलक्षण. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांपैकी तानसा आणि भातसा यांची धरणे शहापूर तालुक्यातली आहेत. तानसा १८९२ सालचे, आणि मुंबईचे जवळजवळ निम्मे पाणी एकट्या भातसाचे. त्याच तालुक्यातील कितीतरी पाडे चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहतात. डोक्यावर दोन हंडे आणि कमरेवर कळशी घेऊन चढ चढणाऱ्या स्त्रियांत पोटुशा स्त्रियाही असतात. दादर किंवा घाटकोपरच्या घरात नळ सोडला की येणारे पाणी कोणत्या डोंगरातून आले, हा विचार सामायिकाच्या अठ्ठेचाळीस मिनिटांत कधीतरी मनात यायला हरकत नाही.

आता एक रात्र डोळ्यांपुढे आणावी. ती कोणा एका बाईची नाही, अशा अनेक रात्रींवरून जुळवलेली आहे. आषाढ आहे. पाड्यावर एका बाईला कळा सुरू होतात. घरचे सुईणीला बोलावतात, कारण यापूर्वीचे मूल तिच्याच हातून झाले. बाळ होते, पण वार पडत नाही, आणि अंगावरून जाऊ लागते. न्यावे की न न्यावे, यात तास जातो. नवरा बाहेर असेल तर निर्णय घेणार कोण? दवाखान्यात नेले तर मुलीचे वय विचारतील, ते अठराहून कमी निघाले तर पोलिसांपर्यंत प्रकरण जाईल, ही भीती कित्येक घरांत असते आणि त्यामुळे नोंदच लपवली जाते. शेवटी चादरीची झोळी करून, बांबूला बांधून, ओहोळातून तिला रस्त्यापर्यंत आणतात. तिथे गाडी येण्यात आणखी वेळ. प्राथमिक आरोग्य केंद्रातून शहापूर, शहापूरहून ठाणे किंवा कळवा किंवा उल्हासनगर. प्रत्येक ठिकाणी कागद नवा, प्रश्न तेच.

१९९४ साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासकांनी बाळंतपणातील मृत्यूंचा विचार करताना तीन विलंबांची मांडणी केली. निर्णयाचा विलंब, पोहोचण्याचा विलंब, आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्याचा विलंब. जगभर ती मांडणी आजही वापरली जाते, आणि शहापूरच्या आषाढातल्या रात्रीला ती जशीच्या तशी लागू पडते. बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव दोन-तीन तासांत जीव घेऊ शकतो. निरोगी बाई जेवढे रक्त गेल्यावर तग धरते, तेवढ्याने रक्तक्षय असलेली बाई संपते. ऑगस्ट २०२२ मध्ये शेजारच्या पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यात एका मातेला झोळीतून न्यावे लागले आणि तिची जुळी बाळे गेली, हे वृत्त साऱ्या देशाने वाचले. २०१४च्या १ ऑगस्टपर्यंत मोखाडा ठाणे जिल्ह्यातच होता. जिल्हा निराळा झाला, डोंगर तेच राहिले.

रक्त किती गेले हे ठरवायचे कसे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. बहुतेक ठिकाणी तो डोळ्यांच्या अंदाजाने सोडवला जातो, आणि डोळा रक्त जवळजवळ नेहमीच कमी मोजतो. कोणताही पेढीवाला डोळ्यांच्या अंदाजाने धान्य विकत घेत नाही, पण माणसाचे रक्त मात्र अंदाजावर सोडले जाते. यावरचा एक उपाय आपल्या सीमाभागातल्या बेळगावशी जोडलेला आहे. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांसह जिल्ह्यातील खेड्यांत एक अभ्यास केला, तो २००६ साली लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १,६२० स्त्रियांची बाळंतपणे परिचारिकांनी घरी किंवा उपकेंद्रात केली. ज्यांना बाळ झाल्यावर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या त्यांच्यात अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. या अभ्यासात रक्त मोजण्यासाठी बाळंतिणीच्या खाली एक साधे प्लास्टिकचे आवरण अंथरत. त्याला टोकाशी पिशवी, आणि पिशवीवर मापाच्या खुणा. पुढे २०२३ साली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतील ८० रुग्णालयांत मापाच्या अशाच आवरणाने रक्त मोजून, ठरावीक मर्यादा ओलांडताच सर्व उपचार एकदम सुरू करण्याची पद्धत तपासली गेली. गंभीर परिणाम साठ टक्क्यांनी कमी झाले. औषधे बहुतेक जुनीच होती. त्यांची वेळ मोजमापाने ठरू लागली, एवढाच काय तो फरक.

आसनगावहून लोकलने मागे फिरले की कल्याण लागते. आनंदीबाई जोशी यांचा जन्म तिथला, ३१ मार्च १८६५चा. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि योग्य उपचारांअभावी तो दहा दिवसांत गेला. आपण डॉक्टर व्हायचे हा निश्चय त्या दुःखातून आला. १८८३ साली त्या एकट्या अमेरिकेला निघाल्या, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी पदवीधर झाल्या. प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. क्षयाने खंगलेल्या अवस्थेत त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, पुण्यात त्यांचे निधन झाले. हे सारे मराठी वाचकांना ठाऊक आहे. फारसे ठाऊक नाही ते असे, की त्याच महाविद्यालयातून त्यांच्या एकोणीस वर्षे आधी, १८६७ साली, रिबेका कोल ही कृष्णवर्णीय तरुणी डॉक्टर झाली होती. अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणारी ती दुसरी कृष्णवर्णीय स्त्री. न्यूयॉर्कमध्ये एलिझाबेथ ब्लॅकवेल यांच्या रुग्णालयाकडून ती गरिबांच्या चाळींत घरोघर फिरे, गरोदर आणि लेकुरवाळ्या स्त्रियांना स्वच्छता व बाळाची निगा शिकवी. आजच्या आशाताईंचे काम ते याहून वेगळे काय असते? पुढे १८७३ साली फिलाडेल्फियात तिने निराधार स्त्रियांसाठी वैद्यकीय व कायद्याचा सल्ला देणारे केंद्रही सहकारिणीबरोबर उभारले.

रिबेका कोलला जाऊन शंभर वर्षे लोटली, आणि तिच्या देशातील शहरांत कृष्णवर्णीय मातांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. २०२३ साली अमेरिकेत एक लाख जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय माता दगावल्या. गोऱ्या मातांचा आकडा होता १४.५. म्हणजे साडेतीन पटींच्या जवळपास, आणि तेही अशा देशात, जिथे आरोग्यावर सर्वांत अधिक पैसा खर्च होतो. नुसत्या गरिबीने याचे उत्तर मिळत नाही. शिकलेल्या, कमावत्या कृष्णवर्णीय स्त्रियांनाही हा धोका चुकत नाही, असे तिथल्या शासकीय अभ्यासांतच दिसते. टेनिसपटू सेरेना विल्यम्स हिचा अनुभव बोलका आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये मुलीच्या जन्मानंतर तिला धाप लागली. रक्ताच्या गाठींचा त्रास तिला पूर्वी झालेला होता, म्हणून कोणती तपासणी हवी आणि कोणते औषध हवे हे तिने स्वतः सांगितले. तरी आधी दुसरीच तपासणी झाली. तिने हट्ट धरला, तेव्हा फुप्फुसातल्या गाठी सापडल्या. जगप्रसिद्ध खेळाडूला हट्ट धरावा लागला, तर शहराच्या उपेक्षित वस्तीतल्या बाईचे काय होत असेल? म्हणूनच तिथे डॉक्टरांच्या बरोबरीने वस्तीतल्याच अनुभवी स्त्रीला गरोदर बाईची सोबतीण म्हणून नेमण्यावर भर दिला जात आहे. ती तपासणीला बरोबर जाते, कळांच्या वेळी हात धरून बसते, आणि बाईचे म्हणणे डॉक्टर ऐकत नसतील तर ते पुन्हा सांगते.

कातकरी बाई हट्ट धरत नाही. तिची बोली निराळी, दवाखान्यातली मराठी निराळी. ‘पोटातले हलत नाय’ असे ती एकदा म्हणते. समोरून काही उत्तर आले नाही तर दुसऱ्यांदा म्हणत नाही. ‘आधी का नाही आलीस, कार्ड कुठे आहे, किती मुले झाली’ या प्रश्नांचा सूर तिला बरोबर कळतो, आणि पुढच्या खेपेला ती घरीच राहते. परिचारिकांच्या अडचणी खऱ्या आहेत, त्या थोड्या आणि खाटा भरलेल्या. पण आवाज खाली ठेवायला कोणत्याही अंदाजपत्रकाची मंजुरी लागत नाही.

शासनाच्या योजना कमी नाहीत. २००५ पासून जननी सुरक्षा योजना आहे. २०११ पासून सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि ने-आण हे सारे विनामूल्य आहे. त्यासाठी १०२ आणि तातडीसाठी १०८ हे दोन क्रमांक आहेत. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये आहेत. आदिवासी क्षेत्रात गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि नंतर सहा महिने अंगणवाडीत एक पूर्ण गरम जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. (तिच्यात अंडे दिले जाते म्हणून आपल्याकडील काही मंडळी तिच्यापासून अंतर राखतात. जे घेत नाहीत त्यांच्यासाठी केळी असतात, आणि शेंगदाणे, हरभरे, तीळ, गूळ यांची जोड द्यायला कोणाचीच आडकाठी नाही.) अडते ते बहुधा कागदाशी. आधारवरचे नाव माहेरचे, बँकेचे खाते बंद पडलेले, भट्टीवर गेल्यामुळे हप्ता चुकलेला. जमाखर्चाच्या वह्या बिनचूक ठेवणाऱ्या घरातील एखाद्या सुनेने किंवा निवृत्त मुनिमाने आठवड्यातून एक दुपार या कागदांसाठी दिली तर कित्येक अडलेले हप्ते मोकळे होतील. त्याला ना देणगी लागते, ना फलक.

फलकावरून आठवण होते ती रुग्णालयातल्या फळवाटपाची. वाढदिवसाला, पुण्यतिथीला दोन केळी आणि एक सफरचंद बाळंतिणीच्या हाती ठेवायचे आणि छायाचित्र काढायचे. त्यातल्या भावनेवर संशय नाही. परंतु त्या बाईला रक्ताची पिशवी वेळेवर मिळाली की नाही हे त्या छायाचित्रात दिसत नाही. येत्या चैत्र शुद्ध त्रयोदशीला महावीर जन्मकल्याणकानिमित्त ठिकठिकाणी रक्तदान शिबिरे होतील. ती एकाच दिवशी सर्वत्र भरली की रक्तपेढ्यांत रक्त एकदम साठते, आणि लाल पेशी सुमारे पाच-सहा आठवड्यांहून अधिक टिकत नाहीत. वैशाख-ज्येष्ठात, महाविद्यालये बंद आणि शहरे गावी गेलेली असताना, पेढ्या कोरड्या पडतात. संघांनी आपसांत तारखा वाटून घेतल्या आणि एक शिबिर मुद्दाम मेअखेर ठेवले, तर तीच तेवढी माणसे आणि तेवढेच रक्त अधिक मातांच्या कामी येईल.

आपल्या समाजाला एक गोष्ट इतरांपेक्षा अधिक चांगली येते. साधू-साध्वींचा विहार याच महामार्गाने होतो. पुढचा मुक्काम किती कोसांवर, वाटेत उकळलेले अचित्त पाणी कुठे मिळेल, पहाटेच्या अंधारात वाहनांपासून संरक्षण म्हणून बरोबर कोण चालेल, एखाद्या वृद्ध साध्वीजींची प्रकृती बिघडली तर कोणाची गाडी, कोणता डॉक्टर, हे सारे आधी ठरलेले असते. विहारसेवेच्या तरुणांचे दूरध्वनी क्रमांक गावोगावच्या घरांत लिहून ठेवलेले असतात. चालत्या माणसाच्या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी जबाबदार असावे, ही व्यवस्था आपण कोणत्याही शासकीय आदेशाविना उभी केली. एका पाड्यापासून शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंतच्या वाटेवर ती उभी करायला त्याहून निराळे काही लागत नाही. कोणत्या महिन्यात कोणत्या पाड्यावर कोणाचे दिवस भरतात हे आशाताईंना माहीत असते. रात्री दुकानासमोर उभा असलेला टेम्पो कोणाचा हे दुकानदाराला माहीत असते. या दोघांची ओळख मात्र नसते.

भट्ट्यांचे मालक, त्यांना कोळसा व तूस पुरवणारे, त्यांच्या विटा घेणारे यांत आपली माणसे आहेत, हेही मोकळेपणाने मान्य केलेले बरे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून विनामूल्य तपासणी होते. २०१६ पासून हा उपक्रम देशभर चालू आहे. त्या दिवशी भट्टीवरच्या गरोदर स्त्रियांना पूर्ण मजुरीसह सुट्टी आणि तिथवर नेणारी गाडी एवढे मालकाने केले, तर रक्तदाब मोजला जाईल, लघवीतली प्रथिने तपासली जातील, हिमोग्लोबिन कळेल. डोके असह्य दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, अंगावरून रक्त वा पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे ही लक्षणे मुकादमाच्या बायकोला जरी पाठ असली तरी पुरे, कारण रात्री पहिली हाक तिलाच ऐकू येते. वीट घेणाऱ्या बांधकाम व्यावसायिकाने दर ठरवताना ही एक अट घातली, तर मालक ती नाकारणार नाही. आणि आठव्या महिन्यानंतर बाई चिखलात उतरणार नाही, उचलेची रक्कम त्यापायी वाढणार नाही, हे मुकादमाशी हंगामाच्या आरंभीच बोलून ठेवावे लागते, कारण दिवाळीनंतर हिशेब मालकाच्या वहीत जातो आणि मग बाईच्या महिन्यांना तिथे रकाना नसतो.

चार दानांत औषधदान आहे, आणि दुःखी जिवाकडे पाहून मन द्रवले की पात्र-अपात्र न पाहता करायचे ते अनुकंपादान. पांजरपोळातल्या गाभण गाईला कोणता चारा कधी द्यायचा याची नोंद आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या ठेवली जाते, आणि ते योग्यच आहे.

मेच्या अखेरीस भट्ट्या विझतील. मुकादम हिशेब करील, बहुतेकांकडे उचल अंगावर फिरलेलीच निघेल, आणि ट्रक शहापूर-मुरबाडच्या वाड्यांकडे परततील. मग भातलावणी, भरलेले ओहोळ, निसरड्या पायवाटा. श्रावण सरता सरता पर्युषण येईल आणि उपाश्रयात पुन्हा जन्मवाचन होईल. त्या आठवड्यात जिचे दिवस भरतील, ती बाई आज कुठल्यातरी भट्टीवर विटा थापते आहे. तिला पाचवा महिना लागत असेल. पोटातले बाळ पहिल्यांदा हलल्याचे बहुधा याच दिवसांत जाणवते.